कोन

नॉर्थविच गावात जुनी घरं तिरकी उभी आहेत.
खालचं मीठ पाण्यात विरघळवून
लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या उपसलं,
मग जमीन बसली, कधी दुकानासकट.
पुढे लाकडी चौकटीवर बांधायला लागले,
खचलं तर जॅक लावून उचलता यावं,
पंक्चर झालेल्या गाडीसारखं.

मी या गावात मीठ तपासतो, सत्तावीस वर्षं.
ओलावा किती, गाळ किती, मॅग्नेशियम किती.
उरणच्या मिठागरात माझे बाबा, पोशा म्हात्रे,
हेच काम जिभेने करायचे, फुकट.

समोरच्या टेबलावर गेरेंट प्रॉबर्ट.
रविवारी चॅपलमध्ये प्रवचन देणार,
सोमवारी उरलेलं माझ्यावर वापरून बघणार.
भिंगाखाली एक कण सरकवून म्हणाला,
"बघ. प्रत्येक कोपरा काटकोनात.
ह्याला गुण्या कोणी दिला?"

मी म्हटलं, सोडियमला क्लोरीन हवा, क्लोरीनला सोडियम,
दाटीवाटीत जसं बसता येईल तसं बसतात,
त्याचाच हा चौकोन. गुण्या लागत नाही.
"बरं. मग हे 'हवं' कोणी दिलं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं, चहा होता.

एकदा खवचटपणे विचारलं,
आणि विटन स्ट्रीटवरची घरं? त्यांचे काटकोन कोणी मोडले?
"ते आपण."
म्हटलं, हिशोब सोयीचा आहे तुझा,
सरळ ते त्याच्या खात्यात, वाकडं आपल्या.
तो बिस्किट बुडवत राहिला,
बुडवता बुडवता ते कपात पडलं.

दुसऱ्यांदा मीच अडकलो.
पगारवाढीची गोष्ट निघाली होती, मी बोलून गेलो,
आमच्यात म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
"कोणाच्या?"
मालकाच्या, अर्थात.
"सापडलास," प्रॉबर्ट म्हणाला,
आणि दिवसभर शीळ घालत फिरला.

मार्चमध्ये त्याला मुतखडा झाला.
हॉस्पिटलात पांढराफटक पडून होता,
पण उशीखाली फोटो जपलेला,
तिथल्या लॅबमधल्या पोरीने काढून दिलेला.
त्याच्याच लघवीतले स्फटिक:
इवली इवली बंद पाकिटं,
चारी कडा मध्यावर येऊन मिळालेल्या.
"किती रेखीव, बघ," तो कण्हत म्हणाला,
आणि हसला, आणि कळ आली, आणि तरी हसला.

हे कोणाच्या खात्यात, असं विचारायचं होतं.
बसमध्ये वाक्यसुद्धा जुळवलं होतं.
नाही विचारलं. द्राक्षं ठेवली, निघालो.
पाकिटं मात्र डोक्यात राहिली.
इतकी टपाल, आणि एकावरही
पाठवणाऱ्याचं नाव नाही.
घेणाऱ्याचंही नाही, म्हणजे
प्रॉबर्टला आली असं तरी कसं म्हणायचं?

आज लॅबमध्ये एकटाच आहे.
काचेवर थेंब सुकतोय, कडेकडेने कण धरतायत,
कुणाची परवानगी न घेता,
किंवा घेऊन, मला इथून दिसत नाही.

कुप्याच्या बांधावर बाबा उकिडवे बसायचे.
मी सातवीत, मांडीवर भूमितीची वही.
विचारलं, बाबा, मिठात काय असतं?
त्यांनी खडा तोंडात टाकला, ऊन बघितलं,
आणि खडा गालात धरूनच म्हणाले,
"कोन हाय त्यात"

आमच्या बोलीत कोण आणि कोन एकच.
मी ते उत्तर समजलो,
वहीत खूण केली, नव्वद अंश लिहिले.

त्यांनी बहुतेक विचारलं होतं.
तोंडात मीठ होतं, सूर नीट लागला नाही.